घोडी गाभण आहे की नुसतं पोट सुटलंय?

वाचकाचं पत्र

पाच महिन्यांपूर्वी आम्ही आठ वर्षांची घोडी विकत घेतली. 'गाभण नाही' असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. त्याच्याकडे ती आणखी दोन घोड्या आणि साधारण सव्वा वर्षाचं एक नर शिंगरू यांच्यासोबत मोकळी फिरायची. 'ते अजून लहान आहे, काही करत नाही,' असं तो म्हणाला. आमच्याकडे सोबतीला एकच घोडा आहे आणि त्याला खच्ची करून दोन वर्षं झाली. गेल्या दीड महिन्यात घोडीचं पोट बरंच वाढलंय. आठवड्यापूर्वी उजव्या भकाळीत (फासळ्यांमागच्या भागात) काहीतरी हललेलं दिसलं. पण महिन्यापूर्वी ती आमच्या घोड्यासमोर शेपूट वर करून उभी राहिली होती, म्हणून शेजारी म्हणतात की ती माजावर होती, गाभण असूच शकत नाही. माणसांची गर्भचाचणीची पट्टी तिच्या लघवीत बुडवली, तर एकच रेघ आली. डॉक्टर पुढच्या आठवड्यात येणार आहेत. तोवर काय समजायचं? स्वारी करावी का? जंताचं औषध द्यावं का?

उत्तर

घोडी गाभण असू शकते आणि ही शक्यता दूरची नाही. डॉक्टर तपासून 'नाही' म्हणेपर्यंत ती गाभण आहे असंच धरून चाला. पोट, हालचाल, शेपूट, पट्टी या तुम्ही लिहिलेल्या खुणांपैकी एकीवरूनही हो किंवा नाही ठरत नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती आहे ती 'पाच महिने' आणि 'सव्वा वर्ष'. आधी त्यांचा हिशेब मांडू, कारण कोणती तपासणी उपयोगाची आणि कोणती फसवी हे त्यावरच ठरतं.

नर शिंगरं साधारण 14 महिन्यांच्या आसपास वयात येतात, काही वर्षाचं होता होताच. त्यामुळे सव्वा वर्षाचं शिंगरू 'लहान आहे' म्हणून सोडून देता येत नाही. नको असलेले गाभ बहुतेक अशाच सोबतीतून राहतात. तुमच्या खच्ची घोड्यावर मात्र संशय घ्यायचं कारण नाही. खच्ची केल्यावर काही आठवडे जुनं वीर्य शिल्लक राहू शकतं, म्हणून नव्याने खच्ची केलेल्या घोड्याला माद्यांपासून दोन महिने लांब ठेवावं. दोन वर्षांनंतर तो प्रश्न उरत नाही.

याचा अर्थ असा की घोडी गाभण असेल तर गाभ तुमच्याकडे येण्याआधीचा आहे, म्हणजे किमान 150 दिवसांचा. शिंगरू बाराव्या महिन्यापूर्वी घोडी फळवण्याची शक्यता कमी, म्हणून बाप तेच असेल तर गाभ साधारण 150 ते 240 दिवसांचा निघेल. घोडीचा गाभणकाळ सरासरी 340 दिवस असतो आणि 320 ते 365 दिवसांतलं विणं स्वाभाविक मानतात. या हिशेबाने ती आजपासून लवकरात लवकर पावणेतीन महिन्यांनी आणि उशिरात उशिरा सात महिन्यांनी विईल. पण हे सगळं 'बाप तेच शिंगरू' या गृहीतावर उभं आहे. त्याआधी तिचा दुसऱ्या घोड्याशी किंवा गाढवाशी संबंध आला असेल तर ती अगदी शेवटच्या महिन्यातही असू शकते.

म्हणून आजच विकणाऱ्याला फोन करा. 'गाभण आहे का' हे विचारू नका, त्याचं उत्तर तुम्हाला आधीच मिळालंय. विचारायचं ते हे: घोडी त्याच्याकडे कधी आली आणि कुठून? शेवटची कधी व्यायली? व्यायल्यानंतर पाचव्या ते बाराव्या दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते आणि त्या माजाकडे लोकांचं लक्ष नसतं. शिंगराला माद्यांपासून वेगळं केलं होतं का आणि कधी? आसपास वळू घोडा किंवा नर गाढव मोकळं होतं का? शिंगरू याच घोडीचं आहे का, हेही विचारा. तसं असेल तर जवळच्या नात्यातला गाभ आहे हे डॉक्टरांना ठाऊक असायला हवं.

आता तुम्ही पाहिलेल्या खुणांकडे वळू. पट्टी विसरून जा. ती पट्टी माणसाच्या गर्भाभोवतीच्या पेशींतून येणारं एचसीजी हे संप्रेरक ओळखते आणि घोडी ते तयार करत नाही. गाभण घोडीतही एकच रेघ येणार. गाई-म्हशींसाठी रक्तावर किंवा दुधावर करायच्या गाभण चाचण्यांचे संचही घोडीला चालत नाहीत. त्या चाचण्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या वारेतली प्रथिनं शोधतात.

पोटाचं म्हणाल तर वैरण बदलली की घोड्याचं पोट पंधरा दिवसांत बदलतं. जाड, पक्व, काडीदार चारा मोठ्या आतड्यात जास्त वेळ राहतो आणि पोट दोन्ही बाजूंनी सारखं खाली लोंबतं. फासळ्या दिसताहेत आणि पोट मात्र मोठं, असं असेल तर जंत किंवा निकस चारा आधी आठवावा. गाभाचं पोट मागून पाहिल्यावर बहुधा एका बाजूला झुकलेलं दिसतं, आणि शेवटच्या आठवड्यांत ते खाली-पुढे सरकून भकाळ्या खोल दिसू लागतात. पण पहिलटकरीण घोडी आठव्या महिन्यापर्यंत सडपातळ राहू शकते आणि तीन-चार वेळा व्यायलेली घोडी रिकामी असतानाही गाभण दिसते. नजरेपेक्षा टेप बरी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, सकाळच्या वैरणीआधी दोन मापं घ्या. एक पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि दुसरा पोटाचा सर्वांत मोठा घेर. छाती तेवढीच राहून पोट आठवड्यामागून आठवडा वाढतच गेलं तर संशय बळावतो. वर-खाली होत राहिलं तर ते चाऱ्याचं पोट.

हालचालीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथे जवळपास सगळे फसतात. घोड्याच्या उजव्या भकाळीत, वरच्या खळग्याला लागून, अंधांत्र म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी असते. ती दर काही मिनिटांनी आकुंचन पावते, कान लावला तर पाणी ओतल्यासारखा लांब गडगडाट ऐकू येतो आणि कधी कधी कातडीवर संथ लाट सरकताना दिसते. उजवीकडे वर दिसलेली हालचाल बऱ्याचदा हीच असते. माशी बसल्यावर कातडी थरथरते तीही वेगळी. पोटातल्या शिंगराची हालचाल खाली दिसते, कासेच्या पुढे आणि भकाळीच्या खालच्या भागात, डावीकडे किंवा उजवीकडे. ती आतून अचानक मारलेल्या ठोशासारखी असते: एक टेंगूळ उठतं आणि लगेच विरतं. सातव्या महिन्यानंतर ती बाहेरून दिसण्याची शक्यता वाढते. सकाळी थंड पाणी प्यायल्यावर घोडी शांत उभी असताना तळहात कासेच्या वीतभर पुढे, पोटाच्या बाजूला सपाट दाबून पाच-दहा मिनिटं थांबा. मागच्या पायाच्या आवाक्यात उभं राहू नका. खांद्याजवळून, तिच्या अंगाला अंग लावून हात मागे न्या. ठोसा जाणवला तर तो भक्कम पुरावा, पण नाही जाणवला तर त्याचा अर्थ काहीच नाही.

शेपटीवरून शेजाऱ्यांनी काढलेला निष्कर्षही टिकत नाही. घोडीचं माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं असतं आणि त्यात पाच-सात दिवस माज. गाभण घोडीत हा माज थांबायला हवा, पण गाभाच्या दुसऱ्या महिन्यात तिच्या बीजांडांवर पुन्हा नवे फुगे वाढतात, आणि गाभाच्या मध्यावर रक्तातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक फार वर जातं. या दोन्ही काळांत काही घोड्या खऱ्याखुऱ्या माजासारखं वागतात. उलटही घडतं. दिवस लहान असलेल्या ऋतूत बहुतेक रिकाम्या घोड्या माजावर येतच नाहीत, म्हणून 'माज दिसला नाही' यावरूनही गाभ ठरत नाही. एक विनंती मात्र कळकळीची आहे: खात्री करायची म्हणून तिला वळू घोड्यासमोर नेऊन भरवू नका. गाभण घोडीचं गर्भाशयाचं तोंड घट्ट बंद असतं. ते ढिलं होऊन आत जंतुसंसर्ग गेला तर चांगला गाभ पडेल.

आता तपासणी. गुदमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत घोडीचा गाभ 14 ते 16 दिवसांत दिसतो आणि 25 व्या दिवसाच्या सुमारास हृदयाचे ठोके दिसतात. ज्याला भरवल्याची तारीख माहीत आहे त्याच्यासाठी ही उत्तम वेळ, कारण जुळं असेल तर त्यातलं एक याच काळात काढता येतं. तुमची घोडी ती वेळ केव्हाच ओलांडून गेली आहे. रक्तातल्या पीएमएसजीची चाचणीही तुमच्या कामाची नाही. ते संप्रेरक गर्भाशयातल्या खास पेशींच्या वाट्यांतून साधारण 40 ते 120 दिवस मिळतं आणि मग ओसरतं. आज ती चाचणी केली तर गाभण घोडीतही 'नाही' असं उत्तर येऊ शकतं. शिवाय पोटात खेचर असेल तर हे संप्रेरक मुळातच कमी असतं. आणि 35 दिवसांनंतर गाभ मेला तरी त्या वाट्या काही काळ जिवंत राहतात, म्हणजे गाभ नसतानाही 'आहे' असं उत्तर येतं. प्रयोगशाळेने हीच चाचणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा.

तुमच्यासाठी योग्य चाचणी इस्ट्रोन सल्फेटची. हे संप्रेरक रक्तात साधारण 120 दिवसांनंतर खात्रीने सापडतं. ते तयार व्हायला जिवंत गर्भाच्या जननग्रंथी लागतात, त्यामुळे 'हो' उत्तर आलं तर गाभ नुसता आहे असं नाही, तो जिवंत आहे. शेवटच्या महिन्यात त्याचं प्रमाण उतरतं, म्हणून विण्याच्या तोंडावर असलेल्या घोडीत त्यावर एकट्यावर विसंबू नये. नमुना पाठवण्यापूर्वी डॉक्टरांनी प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचाराव्यात: त्यांच्याकडे घोड्यांसाठीची प्रमाण मूल्यं आहेत का, आणि रक्त हवं की थंड ठेवलेला सीरम.

याच्या जोडीला सोनोग्राफी दोन मार्गांनी व्हावी. पाचव्या ते सातव्या महिन्यात वजनाने गर्भाशय पोटात खाली-पुढे उतरतं आणि गुदमार्गातून हात घातला तर शिंगरू हाताला लागेलच असं नाही. नवख्या हाताने 'रिकामी' असा निकाल इथेच दिला जातो. जाणकार डॉक्टर गर्भाशय पुढे ओढलं गेलंय का, त्याची रोहिणी जाड होऊन घरघरते का, हे पाहतात आणि त्याच मार्गाने यंत्राने गर्भजल आणि वार पाहतात. दुसरा मार्ग पोटावरून, जो तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून शेवटपर्यंत चालतो. त्यासाठी कासेपासून बेंबीपर्यंतचे केस कापावे लागतात, कातडी धुऊन भरपूर जेल लावावं लागतं. केसांत हवा अडकली की पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून केस कापू द्यायला का-कू करू नका. गाभ सापडला की डॉक्टरांना शिंगराच्या डोळ्याच्या खोबणीचा व्यास मोजायला सांगा. त्यावरून गाभाच्या वयाचा अंदाज निघतो आणि वरच्या हिशेबाशी तो ताडून पाहता येतो. तपासणीसाठी मजबूत खोडा तयार ठेवा. घोडीचा गुदमार्ग गाईपेक्षा नाजूक असतो आणि तपासताना ती उसळली तर आतून फाटू शकतो, ते जिवावर बेततं. हात घालून स्वतः तपासायचा किंवा अननुभवी माणसाकडून तपासून घ्यायचा विचारही नको. पोटावरची सोनोग्राफी 'काही दिसलं नाही' आणि इस्ट्रोन सल्फेटही 'नाही', असं दोन्हींचं उत्तर जुळलं की मगच घोडी रिकामी समजा.

डॉक्टर येईपर्यंतचा आठवडा असा काढा. स्वारी थांबवा. आठव्या महिन्यापर्यंत हलकी स्वारी चालते, पण तुमच्याकडे महिनाच नक्की नाही. तबेल्यात मात्र कोंडू नका. रोज अर्धा-पाऊण तास हाताने चालवणं आणि मोकळं फिरणं तिला हवंच. ओझं, दौड, गाडीतून लांबचा प्रवास नको. बाहेरून आलेल्या नव्या घोड्यांशी संपर्कही नको, कारण घोड्यांच्या नागीण विषाणूने उशिराचा गाभ पडतो.

खुराक एकदम वाढवू नका. शिंगराची निम्म्याहून जास्त वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते, त्याआधी घोडीला दुप्पट खाण्याची गरज नसते. वजनाचा अंदाज असा काढा: छातीचा घेर गुणिले छातीचा घेर गुणिले अंगाची लांबी, भागिले 11,880. मापं सेंटीमीटरमध्ये, लांबी खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर वजन सुमारे 323 किलो. त्याच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे 5 ते साडेसहा किलो चांगली कोरडी वैरण रोज. बुरशी लागलेली वैरण फेकून द्या. गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य कणभरही नको. त्यात मोनेन्सिन हे औषध असू शकतं आणि ते घोड्याच्या हृदयाला मारक असतं.

जंताचं औषध देता येतं. तोंडाने द्यायचं घोड्यांसाठीचं आयव्हरमेक्टिन दर किलो वजनाला 0.2 मिलिग्रॅम या मात्रेत गाभण घोडीला सुरक्षित आहे. वरच्या उदाहरणातल्या घोडीला सुमारे 65 मिलिग्रॅम. गुरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घोड्याला टोचू नये, टोचलेल्या जागी गंभीर संसर्ग होऊ शकतो. आधी लीद तपासून घेता आली तर उत्तम, आठवडाभर थांबल्याने काही बिघडत नाही. धनुर्वाताची लस पूर्वी दिली होती की नाही हे माहीत नसेल तर डॉक्टरांशी बोलून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा सुरू करा. आणि कोणी 'माजावर आणायचं इंजेक्शन देऊन बघू' म्हणालं तर ठाम नकार द्या. ते प्रोस्टाग्लँडिन असतं. गाभाच्या पहिल्या महिन्यांत त्याने गाभ पडतो, आणि ते माणसाच्या कातडीतूनही शोषलं जातं, त्यामुळे गरोदर बाई आणि दम्याच्या रुग्णाने ते हाताळूच नये. गाभ नको असेल तरी पाच महिन्यांनंतर तो पाडणं घोडीसाठी धोक्याचं आहे. या टप्प्यावर तिला विऊ देणं हाच सुरक्षित मार्ग.

कासेबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही आणि आम्हाला सगळ्यात जास्त तीच पाहायची आहे. रोज एकदा वाकून बघा आणि फोटो काढून ठेवा. घोडीची कास विण्यापूर्वी दोन ते सहा आठवडे भरू लागते, पहिलटकरणीत कधी कधी शेवटच्या काही दिवसांतच. शेवटच्या चार-सहा दिवसांत सड भरतात, शेपटीच्या मुळाजवळचे स्नायू ढिले पडतात, निरण (योनिमुख) लांबट आणि सैल होते. सडांच्या टोकांवर मेणासारखे पिवळट थेंब दिसले तर बहुधा एक-दोन दिवसांत घोडी विते. कास आत्ता भरू लागली असेल तर बहुधा तीनपैकी एक अर्थ निघतो. एक तर गाभ आपल्या हिशेबापेक्षा जुना आहे, किंवा दहा महिन्यांच्या आतला गाभ आहे आणि वारेला संसर्ग झालाय, नाहीतर पोटात जुळं आहे. तिन्ही बाबतींत पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. निरणीतून स्राव दिसला तरी तसंच. सड पिळून बघायचा मोह टाळा. चीक एकदाच तयार होतो आणि शिंगराची रोगांपासूनची सगळी ढाल त्यातच असते. दूध आपोआप गळत असेल तर स्वच्छ भांड्यात धरून गोठवून ठेवा.

डॉक्टर येण्याआधीच ती व्यायला लागली तर एवढं लक्षात असू द्या. पाणमोट फुटल्यापासून 20 ते 30 मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. घोडीचं विणं गाईसारखं तासन्‌तास चालत नाही. पांढुरक्या पिशवीतून दोन पुढचे पाय, एक जरा पुढे, आणि गुडघ्यांवर नाक असा क्रम बरोबर. दहा-पंधरा मिनिटं जोर लावूनही प्रगती नसेल तर लगेच फोन. पांढुरक्या पिशवीऐवजी लाल, मखमलीसारखी पिशवी पुढे आली तर वार आधीच सुटली आहे आणि शिंगराचा प्राणवायू तुटतोय. तिथे फोनचीही वाट न पाहता ती फाडा आणि घोडी जोर देईल तसं शिंगरू ओढून काढा. शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत त्याने दूध ओढावं, तीन तासांत वार पडावी. गाईची वार पडायला लोक बारा-चोवीस तास थांबतात, घोडीत तेवढं थांबणं जीवघेणं ठरतं. अडकलेल्या वारेने गर्भाशयात विष पसरतं आणि चारही खूर सुजून घोडी कायमची लंगडी होऊ शकते. लोंबणारी वार गाठ मारून वर बांधा, ओढू मात्र नका, आणि पडल्यावर ती बादलीत ठेवून डॉक्टरांना दाखवा. आत तुकडा राहिलाय का हे तिच्यावरूनच कळतं.

तपासणीत घोडी रिकामी निघाली तर लीदेची जंततपासणी, दातांची तपासणी आणि वैरणीचा कस या क्रमाने पोटाचं कारण शोधा. तिचं वागणं वळू घोड्यासारखं आक्रमक झालं असेल किंवा ती सतत माज दाखवत असेल तर त्याच सोनोग्राफीत बीजांडांवर गाठ नाही ना, तेही पाहून घ्यायला सांगा. आणि गाभण निघाली तर डोळ्याच्या मापावरून आलेली तारीख आम्हाला कळवा. त्यावरून शेवटच्या तीन महिन्यांचा खुराक आणि लसी ठरवता येतील.